मे महिन्यात करपलेली कोकणची झाडं आणि तीन वेळचं पाणी

ताई, तुमचा प्रश्न वाचला. थोडक्यात असा: माहेर रत्नागिरीकडचं, सासर अमरावतीला. डिसेंबरात माहेराहून येताना हेलिकोनियाचे कंद, एक्झोरा, अँथुरियम, अरेका पाम आणि चार-पाच क्रोटन आणलेत, शिवाय इथल्या रोपवाटिकेतून एक कॅलेथिया घेतलीत. फेब्रुवारीत ती मागच्या अंगणात, पश्चिमेच्या भिंतीलगत लावलीत. एप्रिलपर्यंत बरी होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पानं कडेनं करपायला लागली, एक्झोरा पिवळी पडली, हेलिकोनिया तर जमिनीपर्यंत वाळली. हिरवी जाळी बांधली, दिवसातून तीन वेळा बोअरचं पाणी घातलं, उपयोग झाला नाही. तुम्ही विचारता, "ही उष्ण कटिबंधातलीच झाडं ना, मग उन्हाळ्यानं का मरतात? आणि पाणी आणखी वाढवू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. उद्यापासून एकदाच, तेही पहाटे, आणि तेही बोट खुपसून माती पाहिल्यावर. नागपूर-अमरावती पट्ट्यात बागा सांभाळायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. इथं उन्हाळ्यात तहानेनं मेलेली झाडं मी पाहिली आहेतच, पण मायेनं बुडवून मारलेली त्याहून जास्त पाहिली आहेत.

आता पहिला प्रश्न. "उष्ण कटिबंध" या शब्दानं भल्याभल्यांची फसगत होते. शब्द ऐकला की आपल्याला आपला मे आठवतो. पण हेलिकोनिया मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी रानातली, अँथुरियम कोलंबिया-इक्वेडोरकडचं, अरेका पाम मादागास्करच्या पूर्वेकडची, क्रोटन इंडोनेशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंतचा. यातली बरीचशी मोठ्या झाडांच्या छायेत किंवा रानाच्या कडेला वाढतात. अँथुरियमच्या पुष्कळ जाती तर जमिनीत नव्हे, झाडाच्या बुंध्यावर मुळं रोवून राहतात. तिथं ऊब असते, पण हवा सदा ओलसर. तुमच्या माहेरीही तेच. आपल्याकडची उष्णता वेगळ्या जातीची आहे.

हा फरक नुसत्या पाऱ्यावर कळत नाही. रत्नागिरीत ३३ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता धरा. अमरावतीत नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतल्या, दुपारी ४३ अंश आणि १५ टक्के धरा. पारा १० अंशांनी जास्त, एवढंच वाटतं. पण हवा पानातून पाणी किती जोरात ओढते याचा हिशोब मांडला तर आपली हवा जवळजवळ पाचपट ओढते. मुळांनी कितीही उपसलं तरी पानाला ते पुरत नाही. मग झाड पानावरची रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की बाष्पीभवन थांबतं, आणि बाष्पीभवन हाच पानाचा कूलर. तो बंद पडला की पान आजूबाजूच्या हवेपेक्षाही तापतं. अशा वेळी तुम्ही बुंध्याशी बादली ओतता. पण अडचण बुंध्याशी नाही, वर हवेत आहे.

यावर एक देशी उत्तर आपल्याच भागात पिढ्यान् पिढ्या आहे. रामटेकचे किंवा तुमच्या जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीचे पानमळे कधी आतून पाहिलेत? नसतील तर जाऊन बघा, आणि मे महिन्यात दुपारी दोनलाच जा. पानवेल आग्नेय आशियातली, तुमच्या अँथुरियमइतकीच नाजूक. ती विदर्भात टिकते कशी? शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या दाट ओळी, त्यांच्या आधारानं वेल, मळ्याच्या कडेनं वारा अडवणारा कूड आणि खाली ओली जमीन. बाहेर तोंड भाजणारी झळ असते आणि आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरेल अशी हवा. बारी समाजाच्या माणसांनी आर्द्रतेचं यंत्र न घेता हे जमवलंय. त्यांचा क्रम लक्षात घ्या: आधी वारा अडवला, मग सावली केली, मग जमीन ओली ठेवली, आणि वेल सगळ्यात शेवटी लावली. आपण घरी बरोबर उलटं करतो. झाड आधी आणतो, मग ते करपायला लागलं की जाळी शोधत बाजारात जातो.

तुमच्या अंगणात पश्चिमेला भिंत आहे म्हणता. ती दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता ओकत राहते. सूर्य मावळल्यावर तिला हात लावून बघा, पोळेल. त्या भिंतीलगत बोगनवेल सुखानं राहील. हेलिकोनिया नाही. तुमच्या घराची पूर्वेची बाजू मोकळी असेल तर तीच खरी जागा. सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत मिळतं, पुढे घराची सावली.

उत्तरेच्या बाजूबद्दल एक सावधगिरी. लोक म्हणतात उत्तरेकडे ऊन येतच नाही, तिथं कुंड्या ठेवा. हिवाळ्यात खरं आहे. पण आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत. मे अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य माथ्याच्याही किंचित उत्तरेला जातो. सकाळ-संध्याकाळचं ऊन तर त्याच्या आधीपासूनच उत्तरेच्या भिंतीवर तिरपं येतं. सात महिने सुखात असलेलं अ‍ॅग्लोनेमा मेमध्ये अचानक पांढरं चट्टेदार झालं, काय रोग आला, असं विचारणारे दर वर्षी भेटतात. रोग नसतो, सूर्य सरकलेला असतो.

जाळीचं माझं स्वतःचं पाप सांगतो. धंद्यात दुसरं-तिसरं वर्ष असेल. अँथुरियमच्या चाळीसेक कुंड्या होत्या. उन्हाच्या भीतीनं मी ७५ टक्क्यांची हिरवी जाळी चार फुटांवर सपाट ताणली आणि वारा नको म्हणून चारी बाजू प्लास्टिकनं बंद केल्या. तीन दिवसांत सगळी शिजली. जळाली नाहीत, अक्षरशः शिजली, पालकाच्या भाजीसारखी. गरम हवेला वर निघायला वाट हवी असते. जाळी आठ-दहा फुटांवर बांधा, मध्ये उंच आणि कडांना उतरती. पश्चिम आणि नैऋत्येकडची बाजू खालपर्यंत आडोशाची करा, पण ती सच्छिद्र हवी: तट्ट्या, ज्वारीचा कडबा, जाळीच दुहेरी, काहीही चालेल. वारा अडायचा नाही, मंदावायचा. हेलिकोनिया, क्रोटन, अरेका यांना ५० टक्के सावली पुरते. अँथुरियम आणि अ‍ॅग्लोनेमाला ७५ टक्के. जाळी पानाला टेकू देऊ नका, टेकलेल्या जागी पान भाजतं.

जाळी ही दोन-तीन वर्षांची सोय आहे. खरी सावली झाडाची. दोन-तीन शेवगे लावा, वर्षभरात डोक्यावर जातात, सावली विरळ पडते आणि शेंगाही मिळतात. कायमचं हवं असेल तर करंज. ऐन उन्हाळ्यात करंजाला नवी कोवळी पालवी असते, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा छत्री उघडी. कडुनिंबही चांगला, पण त्याच्या मुळांशी तुमच्या वाफ्याची पाण्यासाठी रोज मारामारी होईल. मांडव असेल तर त्यावर मधुमालती सोडा.

आता निदान. पान करपलं एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठे करपलं ते बघावं लागतं. पानाच्या मधोमध, उन्हाकडे तोंड असलेल्या भागावर पांढरट, कागदासारखा कोरडा चट्टा असेल तर ते ऊन लागणं. टोकापासून सुरू होऊन कडेकडेनं तपकिरी रेघ आत सरकत असेल तर कोरडी हवा किंवा पाण्यातले क्षार, बहुतेक वेळा दोन्ही. खालची पानं पिवळी पडून देठापाशी लुळी होत असतील आणि माती मात्र ओली असेल, तर मूळ कुजलंय. आणि वरून पान राखाडी, बारीक ठिपक्यांचं दिसत असेल तर पांढरा कागद खाली धरून पानाला टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात अरेकाला हमखास येतो. सकाळी पाण्याच्या फवाऱ्यानं पानाची खालची बाजू धुवा, तीन-तीन दिवसांनी चार वेळा. उन्हाळ्यात गंधक किंवा कडुनिंबाचं तेल मारू नका, पस्तिशीच्या वर पारा असताना दोन्हींनी पान भाजतं.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा मात्र वेळेची आहे. दुपारी तीनला झाड माना टाकून उभं आहे म्हणून पाणी घालू नका. तेव्हा सगळ्यांच्याच माना खाली असतात, तुमच्याही आणि माझ्याही. सकाळी सहाला बघा. रात्रभरात पानं पुन्हा ताठ झाली असतील तर मूळ ठीक आहे, दुपारचं ते सोंग नव्हे पण संकटही नव्हे. सकाळी सहालाही लोळलेलंच असेल, तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर तहान. ओलं लागलं तर झाड बुडतंय, आणि आणखी पाणी घातलंत तर संपलं. मुळांना हवाही लागते. सतत भिजलेल्या, वरून तापलेल्या मातीत त्यांचा श्वास कोंडतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं. तुमची हेलिकोनिया कशानं गेली हे कंद उकरल्यावर कळेल, पण तीन वेळचं पाणी आणि काळी माती ऐकल्यावर मला संशय आहेच.

पाणी कोणतं, हाही प्रश्नच आहे. आपल्या भागातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. कुंडीच्या काठावर, वाफ्याच्या विटांवर पांढरी पापुद्र्यासारखी खपली धरली असेल तर समजा. दिवसातून तीनदा थोडं-थोडं पाणी दिलं की ते उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पुढच्या वेळी आणखी राहतात. म्हणजे तुम्ही तीन वेळा पाणी नाही, तीन वेळा चिमूटभर मीठ घालताय. त्यापेक्षा एकदाच, पण खालून निघेपर्यंत द्या. कुंड्यांना महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून क्षार धुऊन काढा. निचरा चांगला असेल तरच, हे सांगायला नको.

विदर्भात घरोघरी कूलर असतो, म्हणून हेही सांगून ठेवतो. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी "वाया कशाला घालवायचं" म्हणून झाडांना घालतात. घालू नका. दिवसभर त्यातलं पाणी उडालेलं असतं, क्षार घट्ट झालेले असतात. आर. ओ. यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही तसंच. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र अगदी मऊ असतं, ते बादलीत धरा आणि अँथुरियमला द्या. कूलरची खरी भेट दुसरीच आहे. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते ना, त्या खिडकीतून घरातली ओलसर हवा दिवसभर बाहेर जाते. माझी अँथुरियमं आणि पीस लिली गेली कित्येक वर्षं उन्हाळाभर त्या खिडकीच्या बाहेर सावलीत असतात. फुकटचं कोकण.

पहाटेच का, तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. संध्याकाळी सातलाही ते कोमट नव्हे, गरमच असतं. साडेपाच ते सातच्या दरम्यान टाकी थंड असते, मुळांना दिवस सुरू होण्याआधी भरून घेता येतं. नळी वापरत असाल तर आधीचं पाणी रस्त्यावर सोडून द्या. पानांवर दुपारी पाणी मारल्यानं थेंबांची भिंगं होतात आणि पान जळतं, असं सगळे सांगतात. गुळगुळीत पानांच्या बाबतीत ते खरं नाही, २०१० साली हंगेरीतल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं. लव असलेल्या पानांवर तसं घडू शकतं. तरी मी दुपारी फवारत नाही, कारण त्याचा गारवा दहा मिनिटं टिकतो आणि क्षारांचे पांढरे डाग महिनाभर. त्याऐवजी कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, मधल्या विटा आणि फरशी भिजवा. झाडं एकत्र असली की एकमेकींची हवा ओली ठेवतात.

मातीकडे येतो, कारण तुमच्या एक्झोराचं गाऱ्हाणं तिथं आहे. माहेरची माती जांभ्याची, आम्लधर्मी. एक्झोरा त्याच मातीतली, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली. आपली काळी माती चुनखडीची, सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ. या मातीत लोह नाही असं नाही. भरपूर आहे, पण कुलपात. सामू वाढला की लोह विरघळत नाही आणि मुळाला घेता येत नाही. मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, नकाशातल्या नद्यांसारख्या. जुनी पानं हिरवी राहून फक्त शेंड्याची पिवळी झाली असतील तर निदान पक्कं. लोखंडी खिळे पुरा, असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देणारच. खिळे गंजतील, आणि तो गंजही त्याच कुलपात जाईल.

लगेच आराम हवा असेल तर हिराकस (फेरस सल्फेट), लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात १ ग्रॅम लिंबूसत, ऊन उतरल्यावर नव्या पानांवर फवारा; पंधरा दिवसांनी पुन्हा. पण पहिला पाऊस पडून हवा निवळल्यावर, आत्ता नाही. मातीतून द्यायचं असेल तर दुकानात "चिलेटेड लोह" मागताना डब्यावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा. ईडीटीए स्वस्त असतं, पण आपल्या सामूला ते टिकत नाही, पैसे मातीत जातात. खरा उपाय म्हणजे एक्झोरा कुंडीत किंवा उंच वाफ्यात, वेगळ्या मातीत वाढवणं आणि शक्य तेवढं पावसाचं पाणी साठवून तिला देणं. बोअरचं पाणी सतत दिलंत तर चांगली मातीही दोन-तीन वर्षांत पुन्हा चुनखडीची होते. मी स्वतः काळ्या मातीच्या अंगणात एक्झोराचा हट्ट धरत नाही. तगर लावतो, नाहीतर देशी लाल जास्वंद. पण तुमची माहेरची आहे, समजू शकतो.

काळ्या मातीत खोल खड्डा खणून त्यात छान भुसभुशीत मिश्रण भरायचं, ही पुस्तकी पद्धत इथं उलटते. पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते. चारी बाजूंच्या चिकण मातीतून पाणी जातच नाही. खाली खणू नका, वर रचा. फूट-दीड फूट उंच वाफा, त्यात पोयट्याची किंवा तांबडी माती, कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत आणि धानाचं तूस. भंडारा-गोंदियाकडे तुसाचे ढीग असतात, आपल्याकडेही मागवता येतं. ते माती सैल ठेवतं आणि लवकर कुजत नाही. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्या खतातून हुमणी येते. वर चार बोटं आच्छादन घाला: वाळकी पानं, उसाचं पाचट, काहीही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांनी बारीक मुळं तुटतात आणि त्यातून गरम हवा आत शिरते. आच्छादन ते थांबवतं. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी पाहुणी येईल.

कुंड्यांबद्दल एक प्रयोग. एका मेमध्ये उन्हातल्या काळ्या प्लास्टिक पिशवीत, पश्चिमेच्या अंगाला, मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर खुपसला. ४९ आला. त्याच वेळी शेजारच्या मातीच्या कुंडीत ३६. मातीच्या कुंडीला पाणी जास्त लागतं, खरं. पण ती माठासारखी गार राहते. प्लास्टिकचीच असेल तर मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत वाळू भरून ती ओली ठेवा. कुंडीला ऊन लागू नये, झाडाला लागलं तर एक वेळ चालेल.

आणि विकत घेतलेल्या रोपांचं एक. बाजारातली पुष्कळ शोभेची रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून किंवा केरळहून गाडीनं येतात, दमट हवेत वाढलेली. मुळांभोवती चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो एकदा सुकला की विटेसारखा होतो. पाणी कडेनं वाहून जातं, आतलं मूळ कोरडंच. घरी आणल्यावर गोळा बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, हळूच कडा मोकळ्या करा, मग लावा. तीन आठवडे सावलीत ठेवून मगच हळूहळू उजेडात सरकवा. सावलीत वाढलेलं पान पातळ असतं, ते नंतर जाड होत नाही. नवं पान मात्र नव्या जागेच्या हिशोबानं येतं. म्हणून जुनी पानं झडली तरी घाबरायचं कारण नाही, नवं पान कसं येतं ते पाहायचं.

लावणीची वेळ ही तुमची खरी चूक, आणि ती दहातले आठ जण करतात. फेब्रुवारीत हवा छान असते, रोपवाटिका फुललेल्या असतात, हात शिवशिवतात. पण मुळं पसरायच्या आत एप्रिल येतो. आपल्याकडे लावणी मृगानंतर, दोन चांगले पाऊस झाल्यावर. जून अखेर ते ऑगस्टचा मध्य. मग झाडाला उन्हाळ्याआधी आठ-नऊ महिने मिळतात. खत जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, दर महिन्याला थोडं. मार्चनंतर खत नाही, छाटणी नाही.

हिवाळाही विसरू नका, रत्नागिरीला तो नसतोच. इथं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली सहज जातो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपूरला ३.५ अंश नोंदला गेला होता. त्या आठवड्यानंतर क्रोटननी सगळी पानं टाकली, अ‍ॅग्लोनेमांची पानं पाणी सुटल्यासारखी मऊ झाली. थंडीच्या रात्री नाजूक कुंड्या आत घ्या आणि पाणी निम्म्यावर आणा.

कोणती झाडं ठेवावीत? उघड्या उन्हात चाफा, बोगनवेल, अ‍ॅडेनियम, कण्हेर, तगर, कर्दळ. बोगनवेलीला पाणी जास्त झालं तर नुसती पानं येतात, फुलं हवी असतील तर तिला थोडं उपाशी ठेवा. अर्ध्या सावलीत क्रोटन (बारीक पानांचे जास्त चिवट), ड्रॅसिना, कॉर्डीलाइन, सोनटक्का, स्पायडर लिली, झनाडू. पूर्ण सावलीत मनी प्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनेमा, सॅन्सेव्हेरिया. हेलिकोनियात "गोल्डन टॉर्च" माझ्या अनुभवात सगळ्यात सोशीक. लोंबत्या लाल घोसांची रोस्ट्राटा सुंदर, पण तिला पानमळ्यासारखी जागा लागते. तिची पानं वाऱ्यानं केळीसारखी फाटतात, तो रोग नाही. आणि फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडापासून काढून टाका.

कॅलेथियाचा नाद सोडा. एसी खोलीतही तिची पानं कुरकुरीत होतात. मी दोनदा हरलोय, तिसऱ्यांदा आणलेली नाही.

आता या आठवड्यात काय कराल. करपलेली पानं कापू नका. कुरूप दिसतात, पण खालच्या खोडाला तीच सावली देतात. पाऊस स्थिरावल्यावर काढा. क्रोटनच्या फांदीवर नखानं खरवडून बघा, खाली हिरवं दिसलं तर जिवंत आहे, तपकिरी असेल तर आणखी खाली खरवडा. अरेकाच्या गाभ्यातला मधला न उमललेला कोंब हलकेच ओढा; हातात आला आणि बुडाशी कुजका वास आला तर ती काडी गेली, घट्ट राहिला तर थांबा. हेलिकोनियाचा एक कंद उकरून दाबून बघा. आल्यासारखा टणक असेल तर फेकू नका, सावलीतल्या उंच वाफ्यात दोन बोटं खोल लावून ठेवा. जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोंब दिसायला हवा. मऊ लागला तर मऊ भाग कापून टाका, राख लावा, एक दिवस सावलीत सुकू द्या आणि मग लावा. अर्धे तरी वाचतात.

अँथुरियमबद्दल तुम्ही नुसतं "काळं पडलं" असं लिहिलंय, त्यावरून मला सांगता येणार नाही. फोटो पाठवाल तो पानाच्या मागच्या बाजूचा पाठवा, आणि सकाळी सातच्या आत काढलेला.